दिसलं का?

सिनेमा पाहून आलेल्याला आपण विचारतो, ‘कसा होता?’ गाणं ऐकलेल्याला विचारतो, ‘आवडलं का?’ एका कलाप्रकाराच्या बाबतीत मात्र लोक वेगळंच विचारतात, ‘दिसलं का?’ समोर नुसता रंगीबेरंगी ठिपक्यांचा पसारा असतो. कुणीतरी फोन नाकासमोर धरून, डोळे शून्यात लावून उभं असतं. मध्येच ओरडतं, ‘अरे हो, डॉल्फिन!’ आणि फोन पुढच्या माणसाच्या हातात जातो. डॉल्फिन कसा होता, हे कुणी विचारत नाही. खरं तर विचारण्यासारखं काही नसतंही.

या चित्रांना स्टिरिओग्राम म्हणतात. नेमकं बोलायचं तर ऑटोस्टिरिओग्राम, म्हणजे चष्मा किंवा कुठलंही यंत्र न लावता एकाच सपाट चित्रातून खोली दाखवणारी चित्रं. कोड लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. गेली दोन वर्षं मोकळ्या वेळात मी अशी हलती चित्रं बनवते आणि इतरांनी बनवलेली शोधून पाहते. यावर समीक्षा म्हणावी असं मराठीत काही माझ्या वाचनात आलं नाही. ‘दिसलं का’ला हो किंवा नाही म्हटलं की विषय संपतो, हे त्यामागचं एक कारण असावं.

चित्र हलायला लागलं की तो प्रश्न पुरत नाही, एवढंच मला इथे म्हणायचंय. हलत्या स्टिरिओग्रामला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. दिसल्यावर तिथे थांबण्यासारखं काय आहे? आणि जे लपवलंय, ते नेमकं कुणापासून?

एका डोळ्याला न दिसणारी गोष्ट

१८३८ साली चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने आरशांचं एक यंत्र जगासमोर मांडलं. दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन रेखाचित्रं दाखवली, की मेंदू त्यांतून एक घन वस्तू उभी करतो, हे त्याने त्या यंत्राने दाखवून दिलं. फोटोग्राफीची जाहीर घोषणा व्हायला तेव्हा अजून एक वर्ष होतं. पुढे डेव्हिड ब्रूस्टरला आढळलं की भिंतीवरच्या कागदाची नक्षी पुन्हा पुन्हा तीच असेल, तर नजर जराशी ढिली सोडल्यावर ती भिंतीच्या मागे किंवा पुढे तरंगते. हे तुम्हीही कधीतरी अनुभवलं असेल. बाथरूमच्या टाइल्सकडे किंवा खिडकीच्या जाळीकडे तंद्रीत पाहताना जाळी एकदम भलतीकडेच सरकल्यासारखी वाटते. डाव्या डोळ्याने एक भोक धरलेलं असतं, उजव्याने त्याच्या शेजारचं, आणि मेंदू दोन्ही एकच आहेत असं मानून अंतर काढून मोकळा होतो.

तरीही एक शंका उरत होती. मेंदू आधी वस्तू ओळखतो आणि मग तिची खोली मोजतो, की खोली मोजल्यावरच वस्तू ओळखतो? बेला युलेस या हंगेरियन संशोधकाने याचा निकाल लावला. तो मूळचा रडारवर काम केलेला इंजिनिअर. १९५६च्या उठावानंतर देश सोडून तो अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये गेला. तिथे त्याने कॉम्प्युटरकडून यदृच्छ ठिपक्यांची दोन चित्रं काढून घेतली. दोन्ही सारखीच होती, फक्त मधला एक चौकोन एका चित्रात किंचित बाजूला सरकवलेला. कुठल्याही एका चित्रात चौकोन नाही. रेघ नाही, सावली नाही, कडा नाही. दोन डोळ्यांना दोन चित्रं मिळाली की मात्र चौकोन हवेत उभा राहतो. ओळखण्यासारखं काहीही नसताना खोली दिसते, हे सिद्ध झालं. हे काम १९६० साली प्रसिद्ध झालं.

१९७९मध्ये ख्रिस्तोफर टायलर या संशोधकाने युलेसचे ठिपके आणि ब्रूस्टरची भिंत एकत्र आणली. दोन चित्रांऐवजी एकच चित्र घ्यायचं, त्यात ठिपक्यांची पट्टी पुन्हा पुन्हा छापायची, आणि जिथे वस्तू जवळ दाखवायची आहे तिथे दोन पुनरावृत्तींमधलं अंतर थोडं कमी करायचं. नव्वदच्या दशकात ‘मॅजिक आय’ची पुस्तकं निघाली, पहिलं १९९१मध्ये जपानमध्ये आणि दोन वर्षांनी अमेरिकेत. मग या चित्रांची साथच आली.

प्रयोगशाळेतून बाजारात येताना या शोधाची एक बाजू मागे राहिली, असं मला वाटतं. युलेससाठी लपवणं हे साधन होतं. खोलीशिवाय बाकी सगळ्या खुणा पुसून टाकायच्या, म्हणजे मेंदूचा तेवढाच एक कप्पा उघडा पडतो. पोस्टरवाल्यांसाठी लपवणं हाच माल झाला. माल लपवण्यातच असल्यामुळे आत काय ठेवलंय याला फार महत्त्व उरलं नाही. डॉल्फिन, हृदय, डायनासोर, शिडाची नाव अशा, क्षणात ओळखू येतील त्याच वस्तू आत गेल्या. ओळख पटली की चित्राचं काम संपलं.

फोनवर पाहायचं कसं

‘चित्राच्या आरपार, खूप लांब पाहा,’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो भिंतीवरच्या पोस्टरसाठी ठीक आहे. फोनसाठी चुकीचा आहे, आणि ‘मला कधीच दिसत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं तिथेच अडत असावं.

गणित साधं आहे. आपल्या दोन डोळ्यांमधलं अंतर सरासरी ६.३ सेंटिमीटर. फोनच्या पडद्यावर पट्टीची एक पुनरावृत्ती समजा साडेनऊ मिलिमीटरची आहे. फोन ३० सेंटिमीटरवर धरला, तर दोन डोळ्यांच्या नजरा पडद्याच्या मागे जेमतेम पाच-सव्वापाच सेंटिमीटरवर भेटायला हव्यात. म्हणजे फोनच्या मागे हाताची तीन बोटं आडवी मावतील, एवढंच. समोरच्या इमारतीकडे पाहत राहिलात, तर डोळे एक सोडून पुढची पुनरावृत्ती पकडतात. काहीतरी खोल दिसतं, पण त्याच्या कडा दुहेरी, एकात एक घुसलेल्या असतात. म्हणून फोनच्या अगदी मागे दुसऱ्या हाताचं बोट उभं धरा, फोनच्या वरच्या कडेवरून त्याच्याकडे पाहा, आणि नजर न हलवता फोन हळूच वर सरकवा.

डोळे तिरळे करून, म्हणजे नजरा पडद्याच्या अलीकडे जुळवूनही चित्र दिसतं, पण उलटं. टेकडीचा खड्डा होतो आणि चेहऱ्याचा साचा.

तीच फाइल ४३ इंची टीव्हीवर लावा. पडद्याची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर. फोनवर सात पुनरावृत्त्या होत्या, त्या इथेही सातच राहतात, पण आता एकेक साडेतेरा सेंटिमीटरची झाली. डोळ्यांमधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त. आरपार पाहायचं तर दोन्ही डोळे बाहेरच्या बाजूला वळवावे लागतील, आणि ते माणसाला जमत नाही. म्हणजे ही कलाकृती फाइलमध्ये पूर्ण होत नाही. पडद्याची लांबी-रुंदी आणि पाहणाऱ्याच्या कवटीची रुंदी हे दोन्ही तिचे भाग आहेत. सिनेमा छोट्या पडद्यावर कमी परिणामकारक वाटेल, पण तो सिनेमाच राहतो. स्टिरिओग्राम चुकीच्या पडद्यावर उरतच नाही.

हलायला लागल्यावर

बनवायला फारसं काही लागत नाही. हॅरल्ड थिम्बलबी, स्टुअर्ट इंग्लिस आणि इयन विटन यांचा ऑक्टोबर १९९४चा एक लेख प्रसिद्ध आहे. ‘आयट्रिपलई’च्या ‘कॉम्प्युटर’ मासिकात तो आला होता आणि त्यात पूर्ण पद्धत छोट्याशा कोडसकट दिलेली आहे. सार असं: प्रत्येक आडव्या ओळीत आधी एक यदृच्छ तुकडा घ्या. पुढचा प्रत्येक पिक्सेल हा त्याच्या डावीकडे ठरावीक अंतरावर असलेल्या पिक्सेलची नक्कल असेल. वस्तू जितकी जवळ, तितकं हे अंतर कमी. फोनवर हे अंतर दीडशे पिक्सेल धरलं आणि जवळच्या गोष्टीसाठी वीस टक्क्यांपर्यंत कमी केलं, तर सगळी खोली तीसेक पायऱ्यांत बसवावी लागते. नाकाची उंची, हाताची हालचाल, मागची भिंत, सगळं त्या तीस पायऱ्यांत.

पायऱ्या कमी असल्या तरी एका चित्राचं भागतं. हलत्या चित्रात मात्र पहिल्याच दिवशी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि माझ्या मते या प्रकाराचं सगळं सौंदर्यशास्त्र त्यात आहे. प्रश्न असा की पुढच्या फ्रेमला ठिपके तेच ठेवायचे की नवे टाकायचे?

तेच ठेवले तर पोत स्थिर राहतो, डोळ्यांना बरं वाटतं. पण वस्तू हलली की तिच्या जागचे ठिपकेही सरकतात, आणि हे सरकणं एका डोळ्यालाही कळतं. गवतातला सरडा स्थिर असेपर्यंतच लपतो, हलला की सापडतो, तसंच. शिवाय प्रत्येक पिक्सेल डावीकडची नक्कल असल्यामुळे वस्तू जिथे हलते तिथेच बदल थांबत नाही. त्याच ओळीत उजवीकडे, ठरावीक अंतरावर, त्या हालचालीचे पडसाद उमटत जातात. गुपित फुटतं, तेही एकदा नाही, चार-पाचदा.

प्रत्येक फ्रेमला नवे ठिपके टाकले तर गुपित शाबूत राहतं. एका डोळ्याने पाहिलं तर जुन्या टीव्हीवर चॅनेल नसताना दिसायच्या तशा मुंग्या. दोन्ही डोळ्यांनी नीट पाहिलं की त्या मुंग्यांच्या आत कुणीतरी चालतंय. ठिपके सेकंदाला तीस वेळा बदलत असतात, एकही ठिपका टिकत नाही, पण आकार टिकतो. मला हा अनुभव अजूनही विलक्षण वाटतो. त्या आकृतीला रंग, प्रकाश, रेघ यांपैकी काहीच नसतं. ती जिथे आहे तिथे आहे, एवढाच तिचा गुणधर्म. या माध्यमाला फक्त स्वतःचं म्हणून काही दाखवता येत असेल, तर ते हे.

त्याची किंमतही आहे. मुंग्या दोन मिनिटांपेक्षा जास्त पाहवत नाहीत. आणि व्हिडिओची फाइल लहान करणारी तंत्रं नेमकी याच्या मुळावर उठतात. ही तंत्रं मागच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधून जागा वाचवतात. जिथे प्रत्येक फ्रेम नवीन आणि प्रत्येक ठिपका बेभरवशाचा, तिथे अंदाज बांधायला जागाच नसते. मग तंत्र ठिपके पुसट करतं, त्यांचे चौकोनी डाग करतं, आणि एकेका पिक्सेलच्या फरकात साठवलेली खोली त्या डागांत विरून जाते. कोडेकच्या लेखी तो कचरा असतो. आपल्या लेखी तेच चित्र. जुनी जिफ फाइल इथे उपयोगी पडते. तिला २५६ रंगांच्या वर जाता येत नाही, पण तेवढ्यात ठेवलेला प्रत्येक ठिपका ती जसाच्या तसा जपते. फक्त ती मेसेजवर पाठवू नका. बरीच मेसेजिंग अ‍ॅप्स जिफचा परस्पर व्हिडिओ करून टाकतात.

ताईने पाहिलेली दिंडी

माझ्या ताईच्या एका डोळ्यात लहानपणापासून तिरळेपणा आहे. तिच्या मेंदूने त्या डोळ्याचं म्हणणं फारसं कधी ऐकलंच नाही. तिला खोली कळते, गाडी ती उत्तम चालवते, कारण लहान-मोठेपणा, सावल्या, डोकं हलवल्यावर होणारी सरकासरक अशा पुष्कळ खुणा एका डोळ्यालाही मिळतात. पण दोन डोळ्यांच्या फरकातून मिळणारी खोली तिला नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात हीच क्षमता तपासायला युलेसच्या ठिपक्यांवर बेतलेल्या चाचण्या वापरतात, कारण त्यांत अंदाजाने उत्तर देणं अवघड असतं. ताईला त्यांत काही दिसत नाही.

एक माणूस डावीकडून उजवीकडे चालत जातो, असं एक छोटं अ‍ॅनिमेशन मी दोन्ही प्रकारांनी बनवलं होतं. एकात ठिपके स्थिर, दुसऱ्यात दर फ्रेमला नवे. दोन्ही शेजारी लावून मी पाहत होते. ताई मागून आली आणि स्थिर ठिपक्यांच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, “हे काय गं, दिंडी निघालीय का?”

तिला खोली दिसली नव्हती. हालचाल दिसली होती, आणि उजवीकडचे पडसादही. एका माणसामागे तसाच दुसरा, तिसरा, चौथा, सगळे एकाच पावलाने चाललेले. दोन डोळ्यांनी पाहताना ही दिंडी कुणाला दिसत नाही, कारण मेंदू ती एका माणसात मिटवून टाकतो. मी तिला दुसऱ्या चित्राकडे बघायला सांगितलं. ती म्हणाली, “यात तर नुसता पाऊस पडतोय.”

दर फ्रेमला नवे ठिपके ही पद्धत तांत्रिकदृष्ट्या सरस मानावी अशीच आहे. गळती नाही, गुपित पक्कं. पण त्या संध्याकाळनंतर ‘गळती’ हा शब्द मला एकतर्फी वाटू लागला. जी गोष्ट एका प्रेक्षकाच्या लेखी दोष आहे, ती दुसऱ्याच्या लेखी आत यायचा एकमेव दरवाजा असू शकते. दोन्ही चित्रांत तोच माणूस चालतोय. फरक फक्त बाहेर उभ्या असलेल्याला काय मिळतं, याचा आहे.

हा प्रश्न एकट्या ताईचा नाही. तिरळेपणा किंवा आळशी डोळा असलेली, एका डोळ्याची दृष्टी गेलेली माणसं सगळीकडे आहेत. नव्वदच्या दशकातल्या अमेरिकी विनोदाने त्यांना गिऱ्हाईक केलं होतं. ‘मॉलरॅट्स’ या १९९५च्या सिनेमात एक पात्र अशाच एका पोस्टरसमोर ठाण मांडून उभं असतं. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना त्यात नाव दिसते, त्याला काही केल्या दिसत नाही, आणि आपण हसायचं ते त्याच्यावर. ‘दिसलं का?’ हा प्रश्न वाटतो तेवढा निरागस नाही. त्यात एक वर्ग पास होतो आणि एक नापास.

तीन कामं, तीन निकाल

या दोन कसोट्या लावून तीन कामं पाहू.

पहिलं ‘मॅजिक कार्पेट’, ब्रिटनच्या बुलफ्रॉग कंपनीचा १९९४चा गेम. उडत्या गालिच्यावर बसून जादूगाराने लढायचं. यात खेळाचं सगळं दृश्य चालू खेळात ठिपक्यांच्या स्टिरिओग्राममध्ये बदलण्याची सोय होती. त्या काळच्या कॉम्प्युटरवर हे करून दाखवणं म्हणजे कमाल होती, आणि तिला दाद द्यायलाच हवी. पण कला म्हणून तो प्रयोग फसलेला आहे, आणि फसण्याचं कारण शिकण्यासारखं आहे. ठिपक्यांच्या जगात रंग जातात. शत्रू कोण, आपलं काय, हे रंगाने सांगायची सोय संपते. लढाईच्या खेळात नजर सारखी पडद्यावर भिरभिरते, आणि स्टिरिओग्राममध्ये नजरेची जुळणी मोडली की सगळंच मोडतं. एका माध्यमासाठी रचलेला मजकूर दुसऱ्यात ओतला, एवढंच तिथे झालं. स्टिरिओग्रामला सावकाश चालणारं, मोठ्या आकारांचं जग लागतं.

दुसरं ‘झाओस’, फ्रॅक्टल आकृत्यांमध्ये खोल खोल शिरत जाण्याचा मोफत प्रोग्राम. त्यातही ठिपक्यांचा स्टिरिओग्राम दाखवणारा फिल्टर आहे. कल्पना मोहक आहे, अनंत खोलीच्या आकृतीत खरोखरची खोली. प्रत्यक्षात फ्रॅक्टलला स्वतःची अशी उंची नसते. गणिताच्या किती फेऱ्या झाल्या, त्या आकड्यालाच उंची मानलं जातं. त्यामुळे दिसतात ते उतारावरच्या भातखाचरांसारखे टप्पे. फ्रॅक्टलची खरी गंमत त्याच्या बारीक नक्षीत असते, आणि नेमकी तीच ठिपक्यांत हरवते, कारण दोन-चार ठिपक्यांएवढी गोष्ट मेंदूला जुळवायला पुरत नाही. तरी एक गोष्ट याच्या बाजूने आहे. इथे ओळखायचं काहीच नसल्यामुळे ‘डॉल्फिन!’ म्हणून सुटका होत नाही. पहिल्या कसोटीवर हे काम अर्धं उतरतं. दुसऱ्या कसोटीचा इथे विचारच झालेला नाही.

तिसरं काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. यंग रायव्हल या कॅनडाच्या बँडचं ‘ब्लॅक इज गुड’ हे गाणं, आणि जॅरेड राब या दिग्दर्शकाने केलेला त्याचा व्हिडिओ. अख्खा व्हिडिओ ऑटोस्टिरिओग्राम आहे. नजर जुळली की ठिपक्यांतून बँडची माणसं वाजवताना दिसतात. खोलीची मोजमापं घेतली ती किनेक्टने. हा मायक्रोसॉफ्टचा कॅमेरा २०१०मध्ये एक्सबॉक्सवर खेळण्यासाठी निघाला होता.

किनेक्ट वापरणं ही केवळ सोय वाटू शकते. पण हा कॅमेरा खोली कशी मोजतो पाहा. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे हजारो ठिपके तो समोरच्या माणसांवर टाकतो, आणि बाजूच्या कॅमेऱ्यातून प्रत्येक ठिपका किती सरकला हे पाहून अंतर काढतो. म्हणजे वाजवणाऱ्या माणसांच्या अंगावर आधी ठिपके पडले, त्यांच्या सरकण्यातून त्यांचे आकार मोजले गेले, आणि ते आकार पुन्हा ठिपक्यांच्या सरकण्यातच लपवून आपल्यापर्यंत आले. कॅमेऱ्याने जे गणित केलं, तेच पाहणाऱ्याचा मेंदू उलगडताना करतो. इथे तंत्र आणि आशय एकमेकांना इतके नेमके भेटतात, की कुणी वेगळं प्रतीक शोधायची गरजच पडत नाही.

या व्हिडिओत थांबण्यासारखंही काही आहे. वाजवणारं शरीर ओळखीचं असतं, पण ओळखून संपत नाही, कारण ते हलत राहतं. इथे स्टारचा चेहरा, कपडे, प्रकाशयोजना, म्युझिक व्हिडिओचं नेहमीचं सगळं भांडवल, नाहीसं झालंय. उरलाय तो फक्त शरीरांनी व्यापलेला अवकाश. आणि नजर निसटली तरी गाणं चालूच राहतं. मुक्या अ‍ॅनिमेशनमध्ये नजर सुटली की आपण बाहेर फेकले जातो. इथे गाणं आपल्याला धरून ठेवतं आणि पुन्हा आत जायला वेळ देतं. ज्याला ठिपक्यांपलीकडे कधीच काही दिसणार नाही, त्याच्या हातातही तीनेक मिनिटांचं गाणं असतंच. ताईला तो व्हिडिओ आवडला. तिने तो पाहिला नाही, ऐकला.

बाहेरच्या डोळ्यासाठी

सू बॅरी या अमेरिकी न्यूरोसायंटिस्टला लहानपणापासून तिरळेपणामुळे दोन डोळ्यांची खोली दिसत नव्हती. पन्नाशीच्या जवळ आल्यावर डोळ्यांच्या व्यायामांनी ती दिसू लागली. ऑलिव्हर सॅक्सने तिच्यावर ‘न्यू यॉर्कर’मध्ये लिहिलं आणि २००९मध्ये तिने स्वतः पुस्तक लिहिलं. खोली ही गोष्ट तिला आधीपासून माहीत होती. या विषयावर ती शिकवतही होती. तरी ती प्रत्यक्ष दिसणं हा सर्वस्वी वेगळा अनुभव ठरला. ही हकीकत दोन्ही बाजूंनी वाचता येते. दोन डोळ्यांच्या खोलीत असं काहीतरी आहे, जे सांगून पोचत नाही. म्हणजे ठिपक्यांच्या या चित्रांना फक्त जत्रेतली गंमत म्हणून मोडीत काढता येणार नाही. ती दृष्टीचा एक पदर सोलून वेगळा दाखवतात, आणि हे दुसऱ्या कुठल्या कलेला इतक्या स्वच्छपणे जमलेलं नाही. पण तो पदर नसलेली माणसं काही अपुरी जगत नसतात, हेही तिच्या आधीच्या आयुष्यातून तेवढंच दिसतं.

यावर कुणी म्हणेल की संगीत बहिऱ्यांसाठी नसतं, चित्रकला आंधळ्यांसाठी नसते, मग याच कलेकडून अपेक्षा का? मला वाटतं, कारण ही कला स्वतःच लपवण्याचा दावा करते. चित्रकार कुणापासून काही लपवायला बसत नाही. स्टिरिओग्राम बनवणारा बसतो, तोच त्याचा व्यवसाय आहे. ज्याने दार बंद केलं, त्याने बाहेरच्या बाजूने ते कसं दिसतं हे पाहायला हवं. आतल्या माणसाला नाव, बाहेरच्याला नुसता गोंधळ आणि वर हसू, हा आळशी सौदा आहे. स्थिर चित्रात दुसरा मार्ग काढणं कठीण होतं. हलत्या चित्रात तो आहे, कारण तिथे आवाज आहे, वेळ आहे, आणि आपण ठरवलं तर गळतीही आहे.

मी वाट पाहतेय ते एका वेगळ्या अ‍ॅनिमेशनची. एका डोळ्याला त्यात एक गोष्ट दिसेल आणि दोन डोळ्यांना दुसरी. बाहेरून दिंडी, आतून एकटा माणूस. दोन्ही तितक्याच विचाराने रचलेल्या, आणि दोघांनी एकमेकांना सांगितल्याशिवाय कुणालाच पूर्ण न कळणाऱ्या. ठिपके स्थिर ठेवून, उजवीकडचे पडसाद किती अंतरावर पडावेत हे ठरवून, हे करता येईल. त्याला लागणारं गणित १९९४पासून उपलब्ध आहे आणि पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे. असं काम कुणी केलं, तर ते पाहून झाल्यावर फोन पुढे देताना लोक ‘दिसलं का?’ असं विचारणार नाहीत. ‘तुला काय दिसलं?’ असं विचारतील.